पट्ट्या निघणार नाहीत

बॅरीने चहाचा मग बॉनेटवर ठेवला, तेव्हाच मी ओळखलं, गाडी विकायचं यांचं आपसात ठरलेलं आहे.

दुसऱ्याच्या वस्तूवर माणूस असा मग ठेवत नाही. विचारतो, निदान आधी इकडेतिकडे बघतो तरी. बॅरीने बघितलं नाही. क्लाइव्ह, म्हणजे माझे सासरे, बाजूला उभे राहून गाडीच्या पाठीवरून हात फिरवत होते, बाजारात गिऱ्हाइकाला गाय दाखवावी तसे.

"बॅरी शनिवारी ट्रेलर घेऊन येतोय," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता. "गॅरेथच्या कानावर घातलंय मी."

"आणि माझ्या कानावर कोण घालणार होतं?"

"हे काय, आता घालतोच आहे की."

मेबल माझ्या कडेवर होती आणि तिचा हात त्या मगाकडे चालला होता. मी मग उचलून कामाच्या टेबलावर, मागे, भिंतीकडे सरकवून ठेवला. बॉनेटवर ओलं गोल वर्तुळ उमटलं होतं. ते मी मेबलच्या लाळेऱ्याने पुसलं. बॅरीला वाटलं, मी आवराआवर करतेय.

गाडी म्हणजे अजून गाडी नव्हतीच. साठ सालच्या एका उघड्या, दोनच माणसं बसतील अशा गाडीची नक्कल. अशा गाड्या खोक्यांतून येतात. सांगाडा वेगळा, पत्रे वेगळे, बाकीचं कुठल्यातरी मोडीत काढलेल्या गाडीतून ओरबाडून आणायचं आणि घरी बसून जुळवायचं. आमच्या टेल्फर्डकडे दर चारपाच गल्ल्यांमागे एखाद्या गॅरेजमध्ये अशी एक अर्धवट गाडी ताडपत्रीखाली झोपलेली असते, आणि तिचा मालक "येत्या उन्हाळ्यात" म्हणत असतो. क्लाइव्ह बर्मिंगहॅमच्या मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ही खोकी आणली. बापलेकांनी, म्हणजे त्यांनी आणि माझ्या नवऱ्याने, गॅरेथने, मिळून बांधायची होती. पुढची चाकं आणि स्टिअरिंग बसलं, इंजिन आत उतरलं, आणि मग कुठली तार कुठे जाते यावरून दोघांचं असं वाजलं की गॅरेथने हातातला पाना खाली ठेवला तो ठेवलाच. खोकी आमच्याच गॅरेजमध्ये राहिली, कारण क्लाइव्हच्या बायकोने, मॉरीनने, त्यांच्या गॅरेजमध्ये आधीच धुलाईयंत्र नेऊन ठेवलं होतं.

मग मेबल झाली आणि मला सगळीकडे टोकं दिसायला लागली.

टेबलाचे कोपरे, खणांच्या मुठी, शेगडीपुढचा दगड. दुसऱ्यांच्या घरी गेले की कोट काढायच्या आधी मी खोलीतली टोकं हेरायचे. डॉक्टरांनी सांगितलं, होतं असं पहिलटकरणींना, ओसरतं. गोळ्या दिल्या, त्या मी घेतल्या, गुणही आला. पण टोकं होतीच ना! ती काही माझ्या डोक्यातून टेबलाला फुटली नव्हती. एकदा गॅरेजमधल्या फ्रीजरमधून मटार काढायला गेले, तर गाडीच्या पुढच्या फळीची, दिव्यांखालच्या आडव्या पत्र्याची, कापलेली कड दिसली. कच्चा पत्रा, मेबल उभी राहायला लागली की बरोबर तिच्या तोंडाच्या उंचीला. मटार खाली ठेवले, कानस शोधली आणि घासायला बसले. मटार वितळले. कड गोल झाली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा माझे आखडलेले खांदे सैल झाले.

तिथून सुरुवात. रोज दुपारी मेबल झोपली की तिच्या श्वासाचा आवाज ऐकवणारी डबी टेबलावर ठेवायची आणि कामाला लागायचं. क्लाइव्हनी सोडलेल्या ढिगात तपासणीचं पुस्तक सापडलं. घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर सरकारी तपासनीस ती आधी बघतो, तो काय काय बघतो ते त्यात आहे. मी ते कादंबरीसारखं वाचलं. पानंच्या पानं नुसती टोकांवर! तपासनीस म्हणे एक चेंडू घेतो आणि गाडीच्या अंगावरून फिरवतो. चेंडू जिथे जिथे टेकेल तिथली प्रत्येक कड गोल हवी, प्रत्येक बोल्टाच्या टोकावर टोपी हवी. मला भरून आलं. हे पुस्तक लिहिणारा माणूस माझ्या जातीचा होता.

आणि आता शनिवारी ट्रेलर.

"मी बांधतेय ती," मी म्हटलं.

"तू घासतेयस," बॅरी म्हणाला. घरी गाड्या बांधणाऱ्यांच्या क्लबात सगळे त्याला मानतात. त्याने स्वतः दोन गाड्या बांधल्यात आणि दोन्हींची गोष्ट तो सांगतो. "घासणं वेगळं, बांधणं वेगळं, ताई."

"पोरी," क्लाइव्ह आवाज मऊ करून म्हणाले. हा मऊ आवाज मला नको असतो. "तुला बरं नाहीये. लहान मूल, त्यात हे तेल, हे पेट्रोल. मॉरीन पण म्हणते—"

"मला बरं आहे. मला भीती वाटते, ते वेगळं."

"तेच ते."

"तेच नव्हे. तपासणीला नेते मी तिला. पहिल्या फटक्यात पास झाली तर गाडी माझी. नाही झाली तर बॅरीने तिथूनच न्यावी."

बॅरी इतका हसला की मेबलपण हसली. "पहिल्या फटक्यात? अगं, कोणाचीच होत नाही! माझी तीनदा परत पाठवली. क्लबातल्या टेरीची तर गॅरेजबाहेरच निघेना, दार काढावं लागलं."

"मग घाबरता कशाला?"

क्लाइव्ह नखातलं काळं कोरायला लागले. खोकी त्यांनी आणलेली, कागद त्यांच्या नावावर. नाही म्हणाले असते तर मी काही करू शकले नसते. पण बॅरीसमोर मागे हटणं त्यांच्या रक्तात नाही.

"चालेल," ते म्हणाले. "पण पुढची चाकं माझी. त्यांना हात लावायचा नाही. आयुष्य गेलंय माझं त्यात."

"ट्रेलर मीच आणतो," बॅरी म्हणाला. "तपासणीला न्यायला. तिथून थेट माझ्या घरी, मधला हेलपाटा वाचेल."

त्यानंतरचे महिने मी गॅरेजमध्ये आणि बाकीचं जग गॅरेजच्या दारात. तारा मी जोडल्या. प्रत्येक तारेला चिकटपट्टी, पट्टीवर नाव. संध्याकाळी गॅरेथ कामावरून आला की टॉर्च धरून बसायचा.

"ही निळी कुठली?" तो विचारायचा.

"पट्टीवर लिहिलंय, वाच."

"बाबांनी असं लिहिलं असतं ना, तर आम्ही अजून बोलत असतो."

"बोलताच की."

"हवापाण्यावर."

क्लबातली माणसं रविवारी यायची, बिस्किटं खायची, कानामागची पेन्सिल काढून मला चित्रं काढून द्यायची. वाईट नव्हती कोणी. पण प्रश्न मी विचारायचा आणि उत्तर गॅरेथकडे बघून द्यायचं, ही त्यांची पद्धत. गॅरेथ मेबलचं नाक पुसत असला तरी. मी कडांवर काळ्या रबराच्या पट्ट्या चढवायला लागले, तेव्हा मात्र ती सगळी अचानक माझ्याकडे बघून बोलायला लागली.

"एवढ्या कशाला?" टेरी म्हणाला. "नुसत्या टेकव. तपासणी झाली की ओढूनच काढायच्या असतात."

"का?"

"का म्हणजे? दिसते कशी बघ! पाळणाघरातलं टेबल."

ती त्यांची रीतच आहे. गाडी पास होऊन घरी आली की क्लब जमतो, कोणीतरी बिअर आणतं, आणि मालक पहिली पट्टी ओढून काढतो. टाळ्या पडतात. मग बाकीचे उरलेल्या ओरबाडतात. टोप्या, पट्ट्या सगळं बादलीत, ती बादली पुढच्या माणसाला. बॅरीने मला तीच बादली आणून दिली होती. "सगळ्यांच्या गाड्या यावरच पास झाल्यात," म्हणाला. मी त्यातलं काही घेतलं नाही. सगळ्या पट्ट्यांचा गोंद गेला होता.

गाडी पहिल्यांदा स्वतःच्या पायाने गॅरेजबाहेर आली तो दिवस चांगला होता. मी चालवली, घरापुढच्या मोकळ्या फरशीवर, चालत्या माणसाच्या वेगाने. इंजिन एखाद्या रागावलेल्या म्हातारीसारखं खोकत होतं. क्लाइव्ह कमरेवर हात ठेवून उभे. मी वळवली, वळवून स्टिअरिंगचं चाक हातातून सैल सोडलं. चाक तसंच राहिलं. वळलेलं.

पुन्हा केलं. पुन्हा तसंच.

पुस्तकात होतं ते. वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंगने आपणहून सरळ व्हायला बघितलं पाहिजे. तपासनीस हात सैल सोडून बघतो.

"क्लाइव्ह, हे परत येत नाहीये."

"हलकं ठेवलंय मी मुद्दाम. एका बोटाने फिरेल. कारखान्यात साहेबांच्या गाड्या अशाच करायचो."

"पण परत येत नाही."

"त्याला उपाय आहे. तपासणीच्या सकाळी टायरांत हवा दाबून भरायची. दगडासारखी. येतं परत. सगळे करतात."

"आणि मग?"

"मग काढायची हवा, घरी आलं की."

त्या संध्याकाळी मी मेबलला बाबागाडीतून दुकानाकडे नेत होते. बाबागाडीची पुढची चाकं वाटेल तशी फिरतात, आणि तरी ढकललं की सरळ येतात. शंभरदा ढकलली असेल, कधी बघितलं नव्हतं. फुटपाथवर उकिडवी बसले. चाक ज्या खिळ्यावर फिरतं तो खिळा पुढे, आणि चाक जमिनीला टेकतं ते त्याच्या मागे. चाक खिळ्यामागून फरफटत येतं, म्हणून सरळ येतं. कुत्रा साखळीमागे येतो तसं.

"काय हरवलं का?" शेजारच्या आजींनी कुंपणावरून विचारलं.

"नाही, सापडलं."

क्लाइव्हनी चाकाचा वरचा सांधा फार उभा ठेवला होता. तो थोडा मागे झुकला की झालं. तो सांधा धरणाऱ्या दांड्याच्या मागच्या वॉशर काढून पुढे घालायच्या, एवढंच काम. दुसऱ्या दिवशी मी त्यांना बोलावलं. पाठीमागे करता आलं असतं, ते गुरुवारी बाजारात असतात. पण मला त्यांच्यासमोर करायचं होतं.

"हात लावायचा नाही म्हटलं होतं मी," ते दारातूनच म्हणाले. गाडी जॅकवर होती आणि पाना माझ्या हातात.

"म्हणून तर बोलावलं."

"हवा भर म्हणून सांगितलं ना तुला?"

"सांगितलंत. हवा भरली की तपासनिसाच्या आवारात चाक परत येणार. घरी येऊन हवा काढली की नाही येणार. मग गाडी रस्त्यावर कोणासाठी सरळ चालायची, तपासनिसासाठी?"

"पोरी, तू जन्माला यायच्या आधीपासून मी—"

"माहितेय. म्हणून तर तुम्ही बसवलेलं सगळं मी जसंच्या तसं ठेवलंय. हे सोडून."

"जड होईल स्टिअरिंग."

"होऊ दे. माझे दंड बघितलेत? दहा किलोचं पोर दिवसभर उचलते मी."

ते निघून गेले. दार आपटलं नाही. ते दार आपटणारे नाहीत, मऊपणे लावतात, आणि ते जास्त लागतं. मी वॉशर बदलल्या. भ्यालेल्या हातांनीही नट घट्ट बसतो, हे मला गॅरेजनेच शिकवलं. दोनदा बघितलं, मेबल उठेपर्यंत तिसऱ्यांदा बघितलं.

तपासणीच्या दिवशी बॅरी ट्रेलर घेऊन सकाळीच आला. क्लाइव्ह त्याच्याही आधी आले होते. मी खाली उतरले तेव्हा गॅरेजचा दिवा लागलेला आणि ते हात पुसत बाहेर येत होते. "बघून घेतलं एकदा," एवढंच म्हणाले. मेबलला गॅरेथकडे दिलं. पिशवी मात्र माझ्या खांद्यालाच राहिली, ती मेबलची, लंगोट आणि ओल्या रुमालांची. सवय. वाटेत बॅरीने सगळ्यांसाठी बेकन घातलेले पाव घेतले. माझ्याने खाववेना.

तपासनीस बारीक अंगाचा, न बोलणारा माणूस होता. गुड मॉर्निंगही त्याने गाडीला केल्यासारखं वाटलं. मग खरंच चेंडू काढला! मी त्या चेंडूच्या मागे मागे चालत होते, मेबल पाण्याकडे गेली की चालते तशी. फळीवरून, आरशांवरून, सीटच्या मागच्या नळीवरून. चेंडू टेकायचा, तो अंगठ्याने कड चाचपायचा, पुढे जायचा. एकदा नुसतं म्हणाला, "अरे वा, खालूनसुद्धा." बॅरीने पाव चघळणं थांबवलं.

मग त्याने पुढच्या चाकाशी हात घातला आणि थांबला.

"हे काय?"

वरच्या सांध्याच्या बोल्टाचं टोक. उघडं. टोपी नव्हती.

मी तिथे टोपी बसवली होती. मला स्वप्नातसुद्धा ती टोपी दिसायची. मी क्लाइव्हकडे बघितलं. त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला, मग दुसऱ्या खिशात, आणि त्यांचं तोंड मेबलच्या हातून काही फुटलं की होतं तसं झालं.

"मी काढली," ते म्हणाले. "सकाळी. कोन मोजायला. राहिली बहुतेक टेबलावर."

"तर मग हे—" तपासनीस कागदाकडे वळला.

"झालं," बॅरी हळूच म्हणाला, आणि ट्रेलरच्या पट्ट्याकडे हात नेला.

"थांबा," मी म्हटलं. "तुम्ही कागद पूर्ण करायच्या आत बसवली तर चालते. लिहिलंय पुस्तकात." लिहिलेलं नव्हतं, पण क्लबातले सगळे सांगायचे, की नीट माणूस असला तर चालवून घेतो. मी पिशवी जमिनीवर उपडी केली. लंगोट, रुमाल, केळं, एक मोजा. आणि झाकणाचा डबा, ज्यात मेबलची बिस्किटं असतात. बिस्किटांखाली टोप्या. प्रत्येक मापाच्या, मूठभर.

तपासनिसाने बिस्किटं बघितली, टोप्या बघितल्या. "हे नेहमी बरोबर असतं तुमच्या?"

"हो. असतं."

टोपी बसली. त्याने अंगठा फिरवला. मग तो गाडीत बसला, आवारात घेऊन गेला, आणि मी बघत राहिले. पहिल्या वळणावर त्याने दोन्ही हात चाकावरून उचलले. चाक त्याच्या हातांखालून, कोणी न सांगता, सरळ आलं. बाबागाडीसारखं.

क्लाइव्ह माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. "मोजला मी कोन," ते समोर बघत म्हणाले. "सकाळी."

"मग?"

"बरोबर आहे." जरा थांबून, "जड आहे. पण बरोबर आहे."

पास झाल्याचा कागद पिशवीत घालून घरी मी चालवतच आणली. क्लाइव्ह शेजारी, डोक्यावरची टोपी हाताने घट्ट धरून, आणि मागे बॅरी रिकामा ट्रेलर खडखडवत. एका मोठ्या वळणावर क्लाइव्ह ओरडले, "हात सोड! बघ परत येतं का!"

"मुळीच सोडणार नाही!" मीपण ओरडले. वाऱ्यात सगळं ओरडूनच बोलावं लागतं.

घरी क्लब आधीच जमला होता. टेरीने बिअर आणलेली, मॉरीनने मांस भरलेला 'पोर्क पाय' कापून ठेवलेला. बॅरीची बादली फरशीच्या मधोमध. बॅरी ट्रेलर लावून आला, आणि हार मानलेल्या माणसाच्या मोठेपणाने त्याने स्वतःचा चाकू उघडून मूठ माझ्याकडे केली.

"घे. पहिली तुझी. मग आम्ही आहोतच."

सगळे गोल करून उभे. कोणीतरी आधीच टाळ्या सुरू केल्या. गॅरेथने मेबलला खाली सोडलं. ती तेव्हा नुकतीच धरून धरून चालायला लागली होती. थेट गाडीकडे गेली, पुढच्या फळीखाली जिथे माझी पहिली कड होती तिथे हात टाकला, आणि तोंड लावून रबर चावायला लागली.

मी चाकू मिटला आणि बॅरीला परत दिला.

"पट्ट्या निघणार नाहीत."

"म्हणजे? आज नाही?"

"आज नाही, उद्या नाही. त्या गाडीच्या आहेत."

"अगं, पण रीत आहे," टेरी म्हणाला, खरोखर दुखावून. "आणि दिसतं कसं! रस्त्यावर लोक हसतील."

"हसू देत. मी गाडी चालवत असेन, त्यांचं हसणं मागे राहील."

"क्लाइव्ह, सांग बाबा तिला काहीतरी."

क्लाइव्हनी खिशातून हात काढला. सकाळची ती टोपी शेवटी सापडली होती, कोटाच्या अस्तरात. ती त्यांनी बादलीत टाकली नाही. माझ्या हातावर ठेवली. "मी काय सांगणार?" ते म्हणाले. "माझी थोडीच आहे."

टेरीने बादली होती तशीच उचलली. बॅरीला उभं कुठे राहावं ते कळेना, म्हणून त्याने टेरीच्या हातातली बिअर घेतली, एक घोट घेतला आणि सवयीने बाटली बॉनेटवर टेकवली.

"बॅरी," मी म्हटलं. "बाटली उचला."

त्याने उचलली.